देवावर रागावलेली मुलं: इराणच्या क्रांतीत आणि युद्धात बालपणीच्या श्रद्धेचं काय झालं

घरात कोणी गेलं की लहान मुलाला काय सांगायचं, हा प्रश्न कुठल्याच घराला चुकत नाही. ‘देवाघरी गेले’ असं आपण सांगतो आणि मूल गप्प बसलं की त्याला पटलं असं धरून चालतो. बऱ्याचदा ते पटलेलं नसतं. त्याच्या मनात वेगळाच हिशोब चालू असतो. देवानं नेलं, म्हणजे न नेणंही देवाच्या हातात होतं. मग त्यानं का नेलं? आणि मी काल प्रार्थना केली नव्हती, म्हणून तर नेलं नाही ना?

शांततेच्या काळातही या प्रश्नांना उत्तर देणं अवघड जातं. पण त्याच सुमारास देश उलटापालटा झाला, देवाचं नाव रेडिओवर, शाळेच्या फळ्यावर, कोर्टाच्या निकालात आणि रणगाड्यांवर दिसू लागलं, तर त्या मुलाच्या मनातल्या देवाचं काय होतं? ही गोष्ट एका देशात एका दशकाच्या आत इतकी ठळक घडली की ती समजून घेतली तर मुलांच्या श्रद्धेबद्दल बरंच काही उलगडतं. तो देश इराण आणि ते दशक १९७८ ते १९८८.

समजायला सोपं जावं म्हणून एक मुलगी डोळ्यांपुढे आणू. १९७० साली आबादान शहरात जन्मलेली. ही मुलगी काल्पनिक आहे, पण तिच्यावर जे जे गुदरतं ते तिच्या वयाच्या असंख्य इराणी मुलांवर गुदरलेलं आहे. आबादान हे दक्षिणेकडच्या खुजेस्तान प्रांतातलं तेलाचं शहर. तिथला तेलशुद्धीकरण कारखाना एके काळी जगातल्या सर्वांत मोठ्या कारखान्यांपैकी एक होता. उकाडा, खजुराची झाडं, अरबी आणि फारसी दोन्ही बोलणारी माणसं, कारखान्याच्या वसाहती, सिनेमागृहं. वडील कारखान्यात, आजी घरात.

सुरुवात आजीपासूनच करायला हवी, कारण मुलाचा देव बहुधा तिथूनच येतो. पहाटेची नमाज पढणारी आजी, तिच्या जपमाळेचा आवाज, मोहरममध्ये घरात शिजणारं शोलेजर्द. केशर घातलेला हा गोड भात वाटीत ओतून त्यावर दालचिनीच्या पुडीनं ‘हुसेन’ किंवा ‘अली’ असं नाव काढतात आणि नवस म्हणून शेजारीपाजारी वाटतात. महाराष्ट्रात ज्यांनी गावातले ताबूत पाहिले आहेत, त्यांना मोहरमचं वातावरण वेगळं सांगायला नको. कितीतरी गावांत सवारीपुढे हिंदू घरांतूनही मलिदा आणि नारळ जातो. इराणमध्ये या दिवसांना आणखी एक अंग आहे: ताजियेह, म्हणजे करबलाच्या लढाईचं नाट्य. सन ६८० मध्ये करबलाच्या वाळवंटात इमाम हुसेन आणि त्यांचे साथीदार मारले गेले, त्यात त्यांचं तान्हं बाळही होतं. ताजियेहमध्ये लहान मुलं भूमिका करतात, प्रेक्षकांत मुलं बसलेली असतात आणि मोठी माणसं त्यांच्यासमोर मोकळेपणानं रडतात. मृत्यूबद्दल रडायची सामूहिक परवानगी असलेला हा धर्म आहे, हे लक्षात ठेवावं लागेल. पुढे जे बिघडलं ते नेमकं इथे बिघडलं.

आता मानसशास्त्र काय म्हणतं ते पाहू. लहान मूल देवाला मोठ्या माणसासारखंच समजतं, अशी आपली ढोबळ समजूत असते. ती पूर्ण खरी नाही. जस्टिन बॅरेट आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेला एक साधा प्रयोग आहे. बिस्किटांच्या खोक्यात बिस्किटांऐवजी दगड भरायचे, ते मुलाला दाखवायचे आणि विचारायचं: तुझ्या आईनं हे बंद खोकं पाहिलं तर तिला आत काय आहे असं वाटेल? तीन वर्षांचं मूल म्हणतं, आईला दगडच वाटतील. स्वतःला ठाऊक आहे ते सगळ्यांना ठाऊक आहे असं त्याला वाटतं. पाच-सहा वर्षांच्या मुलाला मात्र कळतं की आई फसेल आणि बिस्किटं म्हणेल. पण देव? देव फसणार नाही, असं तेच मूल सांगतं. म्हणजे आईला सगळं कळत नाही हा शोध ज्या वयात लागतो, त्याच वयात मूल देवाला आईपासून वेगळं काढू लागतं.

पण देवाचा स्वभाव कुठून येतो? अ‍ॅना-मारिया रिझुटो या मूळच्या अर्जेंटिनाच्या मनोविश्लेषकांनी १९७९ साली, म्हणजे इराणची क्रांती झाली त्याच वर्षी, यावर आपलं मोठं काम प्रसिद्ध केलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: शाळेत किंवा देवळात जाण्यापूर्वीच मुलाच्या मनात देव तयार झालेला असतो, आणि तो आई, वडील, आजी यांच्याशी असलेल्या नात्यातून घडतो. धर्म शिकवणारा माणूस नंतर येतो. त्यामुळे शिकवलेला देव आणि मनातला देव कधी जुळतात, कधी जुळत नाहीत. मला हे या विषयातलं सर्वांत उपयोगी वाक्य वाटतं. मुलाची श्रद्धा हे आधी एक नातं असतं आणि ते ज्या माणसांमधून आलं त्यांना धक्का बसला की देवालाही बसतो.

आमची मुलगी आठ वर्षांची असताना, १९ ऑगस्ट १९७८ च्या रात्री, आबादानच्या रेक्स सिनेमागृहाला आग लावण्यात आली. रमजानचा महिना होता. दारं बंद होती आणि आतले चारशेच्या आसपास लोक जळून मेले. शहरात क्वचितच एखादी गल्ली असेल जिथलं कोणी त्यात नव्हतं. शाहच्या, म्हणजे इराणच्या राजाच्या, गुप्त पोलिसांनी, सावाकनं, हे केलं असं बहुतेकांनी धरलं आणि देशभर संताप उसळला. क्रांतीनंतर खटला चालला तेव्हा आग लावल्याबद्दल ज्याला मृत्युदंड झाला, तो शाहविरोधी धार्मिक कार्यकर्त्यांच्या संपर्कातला तरुण होता.

आठ वर्षांचं मूल अशा घटनेकडे कसं पाहतं? जाँ पियाजे यांनी १९३२ साली मुलांच्या न्यायबुद्धीबद्दल लिहिताना एक गोष्ट वापरली होती. एक मुलगा सफरचंदं चोरतो, पळताना कुजक्या पुलावरून जातो आणि पूल मोडून पाण्यात पडतो. चोरी केली नसती तरी पडला असता का? सहा वर्षांची बहुतेक मुलं म्हणतात, नसता पडला. पुलालाच जणू त्याचा गुन्हा माहीत होता. मोठी मुलं हळूहळू म्हणू लागतात की पूल कुजका होता, तो कुणाखालीही मोडला असता. या दोन उत्तरांच्या मधल्या वयात आमची मुलगी होती. रमजानमध्ये सिनेमाला गेले म्हणून मेले, असं कोणी शेजारीण म्हणाली तर ते तिला क्षणभर पटू शकतं. आणि मेलेल्यांत तिच्या वर्गातली मैत्रीण असेल, तर तेच वाक्य तिच्या घशात अडकून राहतं. श्रद्धेतला पहिला तडा असाच जातो. देव आहे की नाही हा प्रश्न तेव्हा पडत नाही. पडतो तो असा, की देव बरोबर वागतो का?

शिया पंथात या प्रश्नाला फार मोठं स्थान आहे. शाळेत मुलांकडून धर्माची पाच मूलतत्त्वं पाठ करून घेतात: देवाचं एकत्व, न्याय, प्रेषित, इमाम आणि परलोक. देवाचा न्यायीपणा हे इथे स्वतंत्र मूलतत्त्व आहे. शिवाय ही पाच तत्त्वं बापाचं किंवा मौलवींचं ऐकून स्वीकारायची नाहीत, प्रत्येकानं ती आपल्या बुद्धीनं पटवून घ्यायची, असं शिया धर्मशास्त्र सांगतं. रोजच्या विधींसाठी जाणकाराच्या मागे जावं, मुळांसाठी नाही. म्हणजे ‘देव न्यायी आहे तर हे का झालं?’ असं विचारणारी मुलगी धर्माच्या बाहेर गेलेली नसते. ती परंपरेनंच तिला नेमून दिलेलं काम करत असते. दुर्दैवानं तिच्या शाळेत तिला हे सांगणारं कोणी नव्हतं.

मग क्रांती आली, आणि ती मोठ्या प्रमाणावर शोकविधींच्या वाटेनं आली. आपल्याकडे दहावा-तेरावा असतो, तसा इराणमध्ये चाळिसावा दिवस महत्त्वाचा. ९ जानेवारी १९७८ ला कोम शहरात पोलिसांनी निदर्शकांवर गोळ्या झाडल्या. त्यांच्या चाळिसाव्याला, १८ फेब्रुवारीला, तब्रीजमध्ये लोक रस्त्यावर आले आणि तिथेही माणसं मेली. त्यांच्या चाळिसाव्याला यज्द आणि इतर शहरांत. शोकातून निदर्शनं आणि निदर्शनांतून पुन्हा शोक असं चक्र सुरू झालं. शाहनं राजकीय सभांवर बंदी घातली होती, पण मेलेल्याच्या दुःखासाठी जमणाऱ्यांना अडवणं त्यालाही जड गेलं. मुलांसाठी हा काळ भारावून टाकणारा होता. घरातलं रडणं आणि रस्त्यावरचं रडणं एक झालं होतं. ‘प्रत्येक दिवस आशुरा (हुसेन मारले गेले तो दिवस), प्रत्येक भूमी करबला’ अशी घोषणा होती आणि मुलाला तिचा अर्थ लगेच कळायचा, कारण ती गोष्ट त्यानं ताजियेहमध्ये पाहिली होती. हुसेन कोण आणि जुलमी यजीद कोण, हे ठरलेलं होतं.

नोव्हेंबर १९७८ च्या अखेरीस देशभर बातमी पसरली की चंद्रावर क्रांतीचे नेते, धर्मगुरू आयातोल्ला खोमेनी यांचा चेहरा दिसतो. लोक गच्चीवर गेले आणि अनेकांना तो दिसलाही. २१ सप्टेंबर १९९५ ला गणपती दूध पितो म्हणून चमचा-वाटी घेऊन देवळापुढे रांगा लागल्या होत्या, ते ज्यांना आठवतं त्यांना त्या रात्रीची हवा ओळखीची वाटेल. मुलं अशा वेळी जे करतात ते अगदी शहाणपणाचं असतं. ती विश्वासातल्या माणसांकडे पाहतात. पॉल हॅरिस यांनी दाखवून दिलं आहे की न दिसणाऱ्या गोष्टींबद्दल, मग ते रोगजंतू असोत की देवदूत, मुलांना मोठ्यांच्या सांगण्यावरच विसंबावं लागतं. जंतू कुणी डोळ्यांनी पाहिलेले नसतात, तरी मूल हात धुतं. त्यामुळे बाबा म्हणाले ‘दिसला’ आणि आजी म्हणाली ‘मला काही दिसत नाही’, तर मुलासमोर खरा पेच चंद्राचा नसतोच. कुणावर विश्वास ठेवायचा, हा असतो.

१६ जानेवारी १९७९ ला शाह देश सोडून गेला, १ फेब्रुवारीला खोमेनी परतले आणि ११ फेब्रुवारीला जुनी सत्ता कोसळली. त्या वर्षी आमची मुलगी नऊ वर्षांची झाली, आणि शिया कायद्यात मुलीसाठी हे वय फार महत्त्वाचं. नऊ चांद्र वर्षं पूर्ण झाली, म्हणजे आपल्या मोजणीत जवळपास पावणेनऊ, की मुलीवर नमाज, रोजा आणि हिजाब बंधनकारक होतो. मुलासाठी हे वय पंधरा. क्रांतीनंतरच्या काळात शाळांमधून याचा समारंभ रुजला. मुली पांढऱ्या फुलाफुलांच्या चादोरमध्ये, म्हणजे डोक्यापासून अंगभर घ्यायच्या चादरीत, रांगेनं बसतात, जानमाज (नमाजाची चटई) आणि कुराण भेट मिळतं, मिठाई वाटतात, फोटो निघतात. अनेक मुलींना तो दिवस खरोखर आनंदाचा वाटतो. आपण मोठ्या झालो, देवानं आपल्याला नावानं ओळखलं, असं वाटतं. त्या आनंदाला खोटं म्हणायचं कारण नाही.

पण आजीच्या देवात आणि या देवात एक फरक पडला होता. आजीची नमाज कोणी तपासत नव्हतं. उलट आजीनं दुसऱ्या टोकाची जबरदस्ती सोसली होती. १९३६ मध्ये शाहचा बाप रझा शाह यानं चादोरवर बंदी घातली तेव्हा पोलीस रस्त्यात बायकांच्या डोक्यावरून चादोर ओढत असत आणि कितीतरी बायका वर्षानुवर्षं घराबाहेर पडल्या नाहीत. आता नातीच्या पिढीत सरकार डोकं झाकायला लावत होतं. शाळेत मुलांना सहज विचारल्यासारखं विचारलं जाई: घरी कोण नमाज पढतं? बाबा काही पितात का? पत्ते आहेत का घरात? आईबाप मुलाला बजावत, बाहेर काही बोलू नकोस. मुलांना खोटं बोलणं पाप आहे हेही शिकवलेलं आणि वाचायचं तर खोटं बोल हेही. दहा वर्षांच्या जिवाला देवाच्या नावानं विचारलेल्या प्रश्नाचं खोटं उत्तर द्यावं लागलं, की देव आजीच्या बाजूनं उठून मास्तरांच्या बाजूला जाऊन बसतो. मला वाटतं, इराणच्या त्या पिढीच्या श्रद्धेचं सर्वांत मोठं नुकसान बॉम्बनं केलं नाही, या प्रश्नांनी केलं.

२२ सप्टेंबर १९८० ला इराकनं हल्ला केला. आबादान सीमेवरच, शत्त-अल-अरब नदीच्या काठी. शेजारचं खोर्रमशहर ऑक्टोबरच्या अखेरीस पडलं. आबादानला वेढा पडला आणि तो जवळपास अकरा महिन्यांनी, सप्टेंबर १९८१ मध्ये उठला. कारखाना जळाला. दहा लाखांहून जास्त माणसं घरदार सोडून शिराज, इस्फहान, तेहरानकडे गेली. त्यांना जंगजदे, म्हणजे युद्धानं मारलेले, असं म्हणत. नव्या गावात, नव्या शाळेत, वेगळ्या उच्चारामुळे वेगळी पडलेली आमची मुलगी आता अकरा वर्षांची आहे. आणि तिचा मोठा भाऊ आघाडीवर आहे.

मृत्यूची समज या वयाला बहुतेक पूर्ण झालेली असते. मारिया नॅगी यांनी बुडापेस्टच्या मुलांवर केलेल्या आणि १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामापासून हे दिसत आलं आहे. अगदी लहान मुलांना मृत्यू म्हणजे झोप किंवा प्रवास वाटतो, त्यातून परत येता येईल असा. नऊ-दहाच्या पुढे कळतं की परत येणं नाही, तो सगळ्यांना आहे आणि शरीर पूर्ण थांबतं. मग परलोकाचं काय? हॅरिस आणि मार्ता हिमेनेझ यांनी स्पेनमध्ये सात आणि अकरा वर्षांच्या मुलांना आजी-आजोबांच्या मृत्यूच्या दोन गोष्टी सांगितल्या, एकीत डॉक्टर बोलतो आणि दुसरीत पाद्री. डॉक्टरची गोष्ट ऐकली की मुलं म्हणायची, सगळं थांबलं. पाद्रीची ऐकली की म्हणायची, मन अजून आहे, आठवण येते, दिसतं. लक्षात घ्या, मोठी मुलं परलोकाची भाषा जास्त सहज वापरत होती. म्हणजे अक्कल आली की परलोक सुटतो, असं नाही. दोन्ही समजुती एकाच डोक्यात राहतात आणि प्रसंग पाहून पुढे येतात.

भाऊ मारला जातो. आता जे होतं ते बारकाईनं पाहण्यासारखं आहे. घरी माणसं येतात आणि म्हणतात, ‘अभिनंदन आणि सांत्वन.’ शहिदाच्या घरी असंच म्हणायची रीत पडली होती. गल्लीला भावाचं नाव दिलं जातं. शहीद फाउंडेशनकडून मदत मिळते, कॉलेज प्रवेशात राखीव जागा मिळते. तेहरानच्या बेहेश्त-ए-जहरा दफनभूमीत लाल रंगाचं पाणी उडवणारं कारंजं उभारलं होतं. शाळेत मोहम्मद हुसेन फहमीदे याची गोष्ट शिकवतात, खोर्रमशहराजवळ अंगाला हातबॉम्ब बांधून रणगाड्याखाली गेलेला तेरा वर्षांचा मुलगा. खोमेनींनी त्याला ‘आपला नेता’ म्हटलं होतं.

काही मुलांना या सगळ्यानं आधार दिला, हे नाकारता येत नाही. भाऊ व्यर्थ गेला नाही, तो हुसेनच्या तुकडीत आहे, सगळा देश त्याचं नाव घेतो, या विचारानं घर तगतं. पण बहिणीला तिच्या भावासाठी रडायचं असतं. तो कंगवा कुठे ठेवायचा, कोणती गोळी चोरून खायचा, तिला गणित शिकवताना कसा चिडायचा, त्यासाठी. त्या भावाला रस्त्यावरच्या भित्तिचित्रात जागा नव्हती. आणि ‘अभिनंदन’ म्हणणाऱ्या पाहुण्यासमोर रडलं, तर देवाच्या निवाड्यावर नाराजी दाखवल्यासारखं होई. ज्या धर्मानं तिला सर्वांसमोर रडायला शिकवलं होतं, त्याच्याच नावानं तिला रडू आवरावं लागलं.

दुसरा मृत्यू त्याच घरात होतो, पण वेगळ्या जातीचा. आईचा धाकटा भाऊ डाव्या चळवळीत होता. क्रांतीत शाहविरुद्ध लढला, पुढे पकडला गेला, कित्येक वर्षं तुरुंगात. एका मुलाला शहीद म्हणून पुरणारी आणि दुसरा माणूस त्याच सरकारच्या तुरुंगात असलेली घरं इराणमध्ये खरोखर होती. १९८८ च्या उन्हाळ्यात, युद्धबंदीच्या आगेमागे, तुरुंगांतून हजारो राजकीय कैद्यांना गुपचूप मारण्यात आलं. तीन-चार जणांच्या समित्यांसमोर काही मिनिटांची चौकशी होई. डाव्या कैद्यांना विचारत: तू मुसलमान आहेस का? नमाज पढतोस का? आणि एक प्रश्न असा: लहानपणी तुझे वडील नमाज पढत होते का?

हा प्रश्न का? कारण त्या धर्मशास्त्रात मुसलमान घरात श्रद्धेनं वाढून मग फिरलेल्या पुरुषाला मृत्युदंड आहे. घरी धर्म पाळलाच जात नव्हता असं निघालं, तर तो मुळात मुसलमान झालाच नव्हता असं धरून फटके मारून नमाज पढायला लावत. म्हणजे बापाची नमाज आठवणीनं, प्रेमानं सांगणारा मेला, आणि ‘आमच्या घरी कोणी पढत नव्हतं’ म्हणणारा कदाचित वाचला. बालपणीच्या श्रद्धेचा असा उपयोग कुठल्याही सत्तेनं केल्याचं दुसरं उदाहरण मला ठाऊक नाही. हे लिहितानाही हात थबकतो.

आणि हेही सांगितलं पाहिजे की याला सर्वांत ठाम विरोध एका धर्मगुरूनंच केला. आयातोल्ला मोंतजेरी हे खोमेनींचे ठरलेले वारस होते. त्यांनी लेखी विरोध केला, समितीच्या लोकांना समोर बसवून सुनावलं. मार्च १९८९ मध्ये त्यांचं वारसपद गेलं. त्या बैठकीची ध्वनिफीत २०१६ मध्ये बाहेर आली.

मामाचं शव घरी येत नाही. एका पिशवीत कपडे येतात. तेहरानच्या आग्नेयेला खावरान नावाची जागा आहे, तिथे खुणेशिवाय सामूहिक पुरलं आहे असं घरच्यांना कळतं. चाळिसावा करायचा नाही, जमायचं नाही. ज्यांनी तिथे फुलं नेली त्या आयांना पोलिसांनी हुसकलं. मानसशास्त्रात अशा दोन प्रकारच्या दुःखांचा वेगळा विचार झाला आहे. पॉलिन बॉस यांनी बेपत्ता माणसांच्या नातेवाइकांबरोबर काम करताना दाखवलं की शव दिसलं नाही तर मन निरोप देऊच शकत नाही. वर्षं गेली तरी दाराकडे लक्ष असतं. आणि केनेथ डोका यांनी १९८०च्या दशकात अशा शोकाबद्दल लिहिलं ज्याला समाज मान्यताच देत नाही, जिथे ‘तुला रडायचा हक्क नाही’ असं सांगितलं जातं. मामासाठी रडणाऱ्या घरावर या दोन्ही गोष्टी एकाच वेळी कोसळल्या.

आता ती अठरा वर्षांची आहे. तिच्या देवाचं काय झालं असेल? इथे सोपं उत्तर द्यायचा मोह टाळायला हवा. सामान्य समज अशी की इतकं सोसल्यावर श्रद्धा उडणारच. आकडेवारी तसं सांगत नाही. न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्चमध्ये २२ फेब्रुवारी २०११ ला भूकंप झाला. देशात धर्म मानणाऱ्यांचं प्रमाण घटत असताना भूकंपाची झळ बसलेल्यांत मात्र धर्माकडे वळणाऱ्यांचं प्रमाण वाढल्याचं सिब्ली आणि बुल्बुलिया यांना आढळलं. सिएरा लिओन, युगांडा आणि ताजिकिस्तानमध्ये युद्धानंतर केलेल्या, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात युद्धाची झळ जास्त बसलेली माणसं अनेक वर्षांनंतरही धार्मिक गटांत आणि विधींत जास्त सहभागी असल्याचं दिसलं. मुलाला जसं घाबरल्यावर आईला बिलगावंसं वाटतं तशी ही ओढ असते, असं पेर ग्रँकविस्ट आणि ली कर्कपॅट्रिक यांचं संशोधन सांगतं. ज्यांना घरी भक्कम आधार मिळाला ती बहुधा आईबापांचाच देव पुढे नेतात. ज्यांना मिळाला नाही, ती कधीकधी देवालाच आईबापांच्या जागी बसवतात.

मग इराणमध्ये इतक्या जणांचा देव दुरावला तो का? माझं उत्तर असं की आपत्ती कुणाच्या नावावर जमा होते, यावर बरंच अवलंबून असतं. भूकंपात देवाकडे धावता येतं, कारण भूकंप घडवणारा कुणी माणूस ‘मी देवाच्या वतीनं हे करतो’ असं म्हणत नाही. ज्या मुलीच्या मामाला देवाच्या नावानं मारलं, तिला बिलगायला जायचं तर त्याच दारात जावं लागतं. म्हणून तिथे काहींनी धर्म पूर्ण सोडला. काहींनी मशीद सोडली आणि आजीची जपमाळ ठेवली. काहीजण हाफिज-रूमी या सूफी कवींकडे गेले, काही प्राचीन पारशी सणांकडे. काहींची श्रद्धा आणखी घट्ट झाली. याच घरातली, भावाच्या कबरीवर दर गुरुवारी जाणारी आईही त्यांपैकी असू शकते. एकाच ताटावर जेवणाऱ्या माणसांचे देव वेगळे झाले.

आणि कितीतरी जणांना राग राहिला. ज्युली एक्सलाइन यांनी देवावरच्या रागाचा अभ्यास केला आहे. शोकात असलेल्यांत तो सर्रास आढळतो, तरुणांत जास्त, आणि गंमत म्हणून नाही पण खरोखर लक्षात घेण्याजोगी गोष्ट म्हणजे देव न मानणाऱ्यांतही. रागावलेलं मूल देवाशी बोलणं थांबवतं, म्हणजे त्यानं देव सोडला असं नसतं. ते त्याच्या उत्तराची वाट पाहत असतं.

आपल्या घरात ना क्रांती असते ना वेढा, पण मुलांचे हिशोब तेच असतात. आठ वर्षांच्या मुलानं ‘मी आरती म्हटली नाही म्हणून आजोबा गेले का?’ असं विचारलं, तर त्याला तिथल्या तिथे स्पष्ट ‘नाही’ म्हणून सांगावं आणि आजोबांचं काय दुखत होतं, शरीर कसं थकलं, हे सांगावं. ‘देवाला आवडले म्हणून नेले’ असं सांगितलं तर लहान मूल देवाला आपण आवडू नये म्हणून धास्तावतं. स्मशानात नको असेल तर निदान घरच्या विधीत त्याला बसू द्यावं. त्याला देवाचा राग आला तर तो बोलू द्यावा. आणि कुणी विचारलं तर ‘आम्हाला असं वाटतं, काहींना तसं वाटतं, तुला काय वाटतं?’ एवढं म्हणता आलं तर पुष्कळ.

आबादान ज्या खुजेस्तान प्रांतात आहे, त्याच प्रांतात ईजे नावाचं गाव आहे. हिजाबच्या नियमावरून पकडलेल्या महसा अमिनी या तरुणीच्या कोठडीतल्या मृत्यूनंतर देशभर निदर्शनं चालू होती तेव्हा, १६ नोव्हेंबर २०२२ ला, तिथे किआन पीरफलक हा लहान मुलगा आईवडिलांबरोबर गाडीतून जाताना गोळी लागून मेला. सरकारनं ते दहशतवाद्यांवर ढकललं. घरच्यांनी शव कोणी उचलून नेऊ नये म्हणून रात्रभर बर्फ लावून घरीच ठेवलं, आणि अंत्यविधीला आईनं माइक हातात घेऊन गोळीबार कसा झाला ते स्वतः सर्वांसमोर सांगितलं, म्हणजे दुसऱ्या कुणाला ते आपल्या सोयीनं सांगता येऊ नये. किआननं स्वतः बनवलेल्या छोट्या बोटीचा एक व्हिडिओ आधी केला होता. इराणी मूल काहीही सादर करताना देवाच्या नावानं सुरुवात करतं, तशी त्यानंही केली होती. ‘इंद्रधनुष्याच्या देवाच्या नावानं,’ असं तो म्हणाला होता. पुढच्या मोर्चांत लोकांनी ते वाक्य फलकांवर लिहिलं.